शेवटून पहिले : सेंट लुईस ब्लूजचा २०१८-१९चा हंगाम

नदीकाठ

३ जानेवारी २०१९च्या सकाळी एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या) गुणतक्त्यात ३१ संघ होते आणि सेंट लुईस ब्लूज एकतिसावे. ३७ सामने, त्यांत १५ विजय, ३४ गुण. त्याच वर्षी १२ जूनच्या रात्री बॉस्टनमध्ये याच संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे या लीगचा करंडक, उचलला. आइस हॉकीवर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. मी मिसूरीत, म्हणजे सेंट लुईसच्याच राज्यात, राहतो आणि हा हंगाम जवळून पाहिलाय, म्हणून हा धागा काढतोय.

बहुतेक जण ही गोष्ट अशी सांगतात : जानेवारीत कुठूनसा एक अनोळखी गोली (गोलरक्षक) आला आणि सगळं पालटलं. मला ही गोष्ट अर्धवट वाटते. माझं म्हणणं असं की संघ मुळातच चांगला बांधलेला होता. तक्त्यातला तळ त्याची खरी पत दाखवत नव्हता.

आधी २०१८चा उन्हाळा बघा. १ जुलैला व्यवस्थापक डग आर्मस्ट्राँग यांनी बफेलोकडून रायन ओ'रायलीला आणलं. बदल्यात तीन खेळाडू दिले, वर ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची एकेक निवड. सौदा महागातला होता. बफेलोचा संघ आदल्या हंगामात लीगमध्ये सर्वांत खाली होता, आणि तिथे हरून हरून खेळावरचं आपलं प्रेमच मधूनमधून आटतं असं ओ'रायली उघडपणे बोलला होता. त्याच उन्हाळ्यात टायलर बोझॅक आला, डेव्हिड पेरॉन परत आला, आणि सेंट लुईसच्याच उपनगरात वाढलेला पॅट मॅरून एका वर्षाच्या करारावर घरी आला. व्लादिमिर तारासेंको, जेडन श्वार्ट्झ, ब्रेडन शेन, कप्तान अ‍ॅलेक्स पिएट्रँजेलो हे आधीपासून होतेच. कागदावर हा संघ प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, होता.

बर्फावर मात काहीच जुळत नव्हतं. १९ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसकडून घरच्या रिंकवर ०-२ हरल्यावर प्रशिक्षक माइक यो यांना काढलं आणि क्रेग बेरूबी यांना हंगामी प्रशिक्षक नेमलं. १० डिसेंबरला तर सरावातच रॉबर्ट बोर्टुझो आणि झॅक सॅनफर्ड हातमोजे टाकून एकमेकांवर धावून गेले. स्वतःच्याच संघातले दोघे! तो व्हिडिओ सगळीकडे फिरला.

आता आकडे नीट बघा. यो गेले तेव्हा हिशेब होता ७ विजय, ९ पराभव आणि ३ जादा वेळेतले पराभव. म्हणजे बेरूबींच्या पहिल्या सहा आठवड्यांत ८ विजय, ९ पराभव, १ जादा वेळेतला. प्रशिक्षक बदलला म्हणून नशीब लगेच बदललं असं झालेलं नाही. ३ जानेवारीनंतरचे ४५ सामने मात्र ३०-१०-५. हंगाम संपला तो ९९ गुणांवर, सेंट्रल विभागात तिसऱ्या क्रमांकाने.

मधे काय झालं? ७ जानेवारीला फिलाडेल्फियात जॉर्डन बिनिंग्टन पहिल्यांदा सुरुवातीपासून गोलमध्ये उभा राहिला आणि ३-० जिंकला. पंचवीस वर्षांचा, २०११च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत घेतलेला, इतकी वर्षं खालच्या लीगमध्ये. आदल्या हंगामात ब्लूजकडे स्वतःचा पूर्ण दुय्यम संघसुद्धा नव्हता, म्हणून त्याला प्रॉव्हिडन्सला पाठवलं होतं. हा प्रॉव्हिडन्स संघ बॉस्टन ब्रुइन्सचा दुय्यम संघ. ज्यांच्या अंगणात तो तयार झाला, त्यांनाच त्याने पुढे हरवलं. त्याची त्या हंगामातली कामगिरी : २४ विजय, ५ पराभव, १ जादा वेळेतला, सामन्यामागे सरासरी फक्त १.८९ गोल खाल्ले.

पण बिनिंग्टनइतकंच श्रेय मी बेरूबींच्या खेळण्याच्या पद्धतीला देतो. पक (खेळायची रबरी चकती) उगाच आडवा फिरवायचा नाही, सरळ समोरच्याच्या हद्दीत टाकायचा, मागोमाग दोघांनी अंगावर जायचं, रिंकच्या कडेच्या कुंपणाशी समोरच्याला दमवायचं. चारही फळ्यांनी (फळी म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे आक्रमक खेळाडू) हेच करायचं. अलेक्झांडर स्टीनसारखा जुना, मोठ्या पगाराचा खेळाडू इव्हान बार्बाशेव आणि ऑस्कर सुंडक्विस्टबरोबर चौथ्या फळीत खेळला आणि त्या फळीने प्रतिस्पर्ध्यांच्या चांगल्या फळ्या रोखून धरल्या. जय बोमीस्टर कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला अडखळत होता, तोही हळूहळू सावरला आणि कोल्टन परेकोबरोबर त्याची जोडी जमली. हे सगळं शिजायला वेळ लागतोच. जानेवारी-फेब्रुवारीत सलग ११ सामने जिंकले, तो तेव्हा या क्लबचा विक्रम होता.

प्लेऑफबद्दल प्रतिसादांत बोलू.

रानफूल

पुण्यातून वाचतेय. आइस हॉकीचं मला काहीही कळत नाही, फक्त एकदा लेहला कर्झूच्या तळ्यावर मुलामुलींना खेळताना पाहिलं होतं आणि थंडी विसरून उभी राहिले होते. काही प्रश्न : ३७ सामन्यांत १५ विजय म्हणजे ३० गुण, मग ३४ कसे? आणि शेवटच्या क्रमांकावरून अर्ध्या वर्षात वर येता येतं, म्हणजे अंतर फार नसतं का?

टोरोंटोहून

@रानफूल, जिंकलात तर २ गुण. साठ मिनिटांत बरोबरी झाली आणि मग ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरलात तर १ गुण. ब्लूजचे असे चार पराभव होते, म्हणून ३० अधिक ४. निव्वळ साठ मिनिटांत हरलात तर शून्य.

अंतराचा तुमचा अंदाज बरोबर आहे. त्या वेळी ३१ पैकी १६ संघ प्लेऑफमध्ये जायचे. शिवाय ब्लूजचे सामनेही इतर काही संघांपेक्षा कमी झाले होते. तरी तळापासून कपापर्यंत कुणी सहजी जात नाही. आमच्या टोरोंटोला विचारा. लीफ्सनी शेवटचा कप १९६७मध्ये जिंकला, आणि ब्लूजचा जन्मच १९६७चा.

सह्यकडा

छान धागा. नदीकाठ, एक भर घालतो, कारण या शहराला ते यश इतकं का लागलं ते त्याशिवाय कळत नाही.

१९६७मध्ये लीगने एकदम सहा नवे संघ घेतले आणि सहाही एकाच विभागात ठेवले. त्यामुळे अंतिम फेरीत एक नवा संघ जाणारच होता. १९६८, १९६९, १९७० अशी तीन वर्षं तो ब्लूज होता, आणि तिन्ही वेळा ०-४ असा धुतला गेला. दोनदा मॉन्ट्रियलकडून, तिसऱ्यांदा बॉस्टनकडून. बारा सामने, एकही विजय नाही. १० मे १९७०ला बॉबी ऑरने ओव्हरटाइममध्ये गोल मारला आणि हवेत आडवा झाला, तो प्रसिद्ध फोटो ब्लूजविरुद्धचा आहे. बॉस्टनच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा आहे.

त्यानंतर ४९ वर्षं ब्लूज अंतिम फेरीत पोचले नाहीत. त्यात २०१६मध्ये शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, रॅम्स, उचलून लॉस एंजेलिसला नेला. मी तेव्हा तिथे नोकरीला होतो. लोकांना ते फार लागलं होतं. ब्लूज हरत असतानाही लोक जात राहिले, त्यामागे हे होतं.

नदीकाठ

सह्यकडा, अगदी मनातलं लिहिलंत. बॉब प्लेगरचं नाव यायलाच हवं. ते १९६७च्या पहिल्या संघातले डिफेन्समन, त्यांचे भाऊ बार्कले आणि बिलही ब्लूजकडून खेळले. प्लेगर निवृत्तीनंतरही क्लबमध्येच राहिले आणि मार्केट स्ट्रीटवरून कपाची मिरवणूक बघायचीय असं वर्षानुवर्षं बोलत राहिले. १५ जून २०१९ला ती मिरवणूक निघाली आणि ते तीत होते. मार्च २०२१मध्ये ते गेले. त्यांना ती बघायला मिळाली याचं मला आजही फार समाधान आहे.

आता प्लेऑफ. पहिली फेरी विनिपेगशी. पहिले दोन सामने त्यांच्या घरी जिंकले, मग पुढचे दोन आपल्या घरी हरले. पाचव्या सामन्यात २-२ अशी बरोबरी होती आणि शेवटची पंधरा सेकंद उरली असताना श्वार्ट्झने गोल केला. सहाव्यात त्याचीच हॅट्रिक. नियमित हंगामात गोलसाठी झगडणारा हा खेळाडू.

दुसरी फेरी डॅलसशी, आणि ७ मेचा सातवा सामना. डॅलसचा गोली बेन बिशप, तोही सेंट लुईसमध्येच लहानाचा मोठा झालेला. त्या रात्री त्याने ५२ फटके अडवले. पहिला ओव्हरटाइम कोरा गेला. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये रॉबर्ट थॉमसचा फटका गोलखांबाला लागून उडाला, बिशपच्या पाठीवर आपटला आणि पक गोलरेषेजवळ पडला. समोर उभा होता पॅट मॅरून. त्याने तो आत ढकलला. एका गावातले दोघे, एक अडवणारा, एक मारणारा. प्रेक्षकांत मॅरूनचा मुलगा रडत होता. आयुष्यभर ज्या संघाला आपलं मानलं त्याच्यासाठी असा गोल करायला मिळणं, याहून मोठं भाग्य खेळाडूला काय असतं!

चार्ल्सतीर

मी बॉस्टनचा. अंतिम फेरीचा विषय निघेपर्यंत गप्प बसलो होतो. :)

पाचव्या सामन्याबद्दल कुणी बोलणार का? आमच्या नोएल अचारीला बोझॅकने पाय लावून पाडलं, पंच समोर, शिट्टी नाही. खेळ चालू राहिला आणि लगेच पेरॉनने गोल केला. सामना २-१ ब्लूजने जिंकला. तो गोल नसता तर मालिका काय वळण घेती? आमचे प्रशिक्षक ब्रूस कॅसिडी पंचांविरुद्ध जे बोलले ते योग्यच होतं असं मला अजूनही वाटतं.

आणि दुसरं. झ्डेनो चाराबद्दल दोन शब्द लिहा. चौथ्या सामन्यात पक तोंडावर लागून त्याचा जबडा मोडला. वय ४२. पाचव्या सामन्यात तो खेळायला आला, चेहऱ्यावर संरक्षक कवच. त्याचं नाव पुकारलं तेव्हा गार्डनमध्ये (बॉस्टनच्या स्टेडियममध्ये) जो आवाज झाला तसा मी पुन्हा ऐकलेला नाही. आमचा कप गेला, पण त्या माणसाबद्दलचा आदर कुणी घेऊ शकत नाही.

टोरोंटोहून

चाराबद्दल पूर्ण अनुमोदन. अचारीला पाय लावून पाडलं ती पेनल्टी होतीच, ब्लूजच्या चाहत्यांनीही मान्य करावं.

पण मग त्याआधीची फेरीही मोजा. सॅन होजेविरुद्ध तिसऱ्या सामन्यात ओव्हरटाइममध्ये टिमो मायरने हाताने पक सरकवला, तो पुढे एरिक कार्लसनकडे गेला आणि गोल झाला. हाताने पास दिल्यावर खेळ थांबायला हवा होता. चारही पंचांना ते दिसलं नाही आणि नियमाप्रमाणे व्हिडिओवर तपासताही येत नव्हतं. ब्लूज १-२ असे मागे पडले. त्यानंतर बेरूबींनी काय केलं? बाहेर आरडाओरडा नाही, संघात चर्चा नाही, पुढचा सामना. आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले, शेवटचे दोन ५-० आणि ५-१. पुढच्या हंगामासाठी लीगने व्हिडिओ तपासणीचा नियम वाढवला, त्यात या गोलचा वाटा मोठा होता.

मला बेरूबींची हीच गोष्ट सगळ्यांत भावते. २०२४मध्ये लीफ्सनी त्यांना नेमलं तेव्हा इथे आनंद झाला तो याच कारणाने.

चार्ल्सतीर

हाताच्या पासबद्दल वाद नाही. ब्लूज त्यातून ज्या शांतपणे बाहेर आले त्याला दाद द्यावीच लागेल.

कट्ट्यावरचा

नदीकाठ, तुमचं मूळ म्हणणं मला पटत नाही. संघ आधीपासून चांगला होता म्हणता, तर मग बेरूबी आल्यावरही सहा आठवडे का हरत होता? मधे बदललेली मोठी गोष्ट एकच, गोली. हॉकीत गोलीचं वजन इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त. समोर चांगला बचाव असूनही सोपे गोल खाल्ले जात असतील तर पुढचे खेळाडू धोका पत्करत नाहीत, आखडून खेळतात. मागे भरवशाचा माणूस आला की सगळे मोकळे होतात. बिनिंग्टनच्या डोळ्यांत कधी भीती दिसली नाही. एका पत्रकाराने दडपणाबद्दल विचारलं तर त्याने उलट विचारलं होतं, मी घाबरलेला दिसतोय का?

आणि हे बघा : प्लेऑफमध्ये ब्लूज १० सामने हरले. हरल्यानंतरच्या पुढच्या सामन्यात बिनिंग्टन ८-२, म्हणजे ८ विजय, २ पराभव. अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात घरच्या प्रेक्षकांसमोर ७-२ अशी धूळधाण झाली, त्याला सामन्याच्या मधेच बाहेर काढलं, आणि चौथा सामना ४-२ जिंकला. एका प्लेऑफमध्ये १६ विजय मिळवणारा पहिला नवखा गोली तोच. हे पद्धतीने येत नाही.

नदीकाठ

कट्ट्यावरचा, बिनिंग्टनला मी कमी लेखत नाहीये. पण ८-२ हा आकडा तुम्ही गोलीचा म्हणून मांडताय, तो संघाचाही आहे. पहिल्या ३७ सामन्यांत ब्लूज फार वेळा सामन्याच्या मध्यावरच हातपाय गाळायचे. वसंतात तेच खेळाडू ७-२नंतरच्याच सामन्यात पहिल्याच मिनिटात गोल करून मोकळे झाले, आणि करणारा ओ'रायली.

ओ'रायलीकडेच बघा ना. अंतिम फेरीच्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या, सातव्या अशा सलग चार सामन्यांत त्याचा गोल. २६ सामन्यांत २३ गुण (स्वतःचे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून), प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी. बचावात चमकणाऱ्या फॉरवर्डची सेल्की ट्रॉफीही त्याच वर्षी त्यालाच. मतदारांनी ट्रॉफी बिनिंग्टनला न देता त्याला दिली, ती उगाच नाही.

आणखी एक. प्लेऑफमध्ये ब्लूजचा घरचा हिशेब ६-७ आहे. घरी जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त! बाहेर १०-३. परक्या गोंगाटात शेवटपर्यंत तीच साधी, दमवणारी हॉकी खेळत राहणं, हे एकट्या गोलीचं काम नाही.

रानफूल

वा, वाद रंगलाय. मला दोघांचंही पटतंय. एक विचारू? कुणीतरी त्या 'ग्लोरिया' गाण्याबद्दल सांगा ना, मी नुसतं नाव वाचलं.

सह्यकडा

@रानफूल, ६ जानेवारीला, म्हणजे बिनिंग्टनच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, ब्लूजचे काही खेळाडू फिलाडेल्फियातल्या एका छोट्या बारमध्ये फुटबॉलचा सामना बघत बसले होते. तिथल्या गर्दीला लॉरा ब्रॅनिगनचं ते १९८२चं गाणं लागलं की उधाण यायचं. पोरांना मजा वाटली आणि आता जिंकलो की हेच वाजवायचं असं ठरलं. वसंतापर्यंत सगळ्या शहराला पाठ झालं. दुकानांत, शाळांत, गाड्यांत तेच.

चार्ल्सतीर

सातव्या सामन्याबद्दल मीच लिहितो, कारण मी आत होतो.

पहिल्या पिरियडमध्ये (सामन्याच्या पहिल्या वीस मिनिटांत) ब्रुइन्सचे बारा फटके, ब्लूजचे चार. पक जवळजवळ सगळा वेळ त्यांच्याच बाजूला. आणि पिरियड संपला तेव्हा फलक ०-२! आधी बोमीस्टरच्या फटक्याला ओ'रायलीने स्टिक लावून दिशा बदलली. मग आठ सेकंद उरली असताना आमची एक फळी बदलायला बाहेर पडत होती, श्वार्ट्झने पक मधे दिला आणि पिएट्रँजेलोने शांतपणे बॅकहँडने आमचा गोली टूका रास्कला चकवलं. तो दुसरा गोल होताना आमच्या अख्ख्या रांगेत कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिसऱ्या पिरियडमध्ये अजूनही आशा होती. योकिम नॉर्डस्ट्रॉमला गोलच्या अगदी तोंडाशी पक मिळाला, आम्ही उठून उभे राहिलो, आणि बिनिंग्टनचा पाय आडवा आला. लगेच थोड्या वेळात शेनने तिसरा गोल केला. मी या वादात कट्ट्यावरच्याच्या बाजूने. पहिल्या वीस मिनिटांत दुसरा कुठलाही गोली असता तर ब्लूजची पद्धत दिसलीच नसती.

चौथा गोल सॅनफर्डचा. डिसेंबरात सरावात मारामारी करणारा तोच. त्याचा जन्म इथलाच, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचा, कॉलेजही बॉस्टन कॉलेज. सप्टेंबर २०१८मध्ये सराव शिबिर चालू असताना त्याचे वडील अचानक गेले होते. प्लेऑफमध्ये बराच काळ तो संघाबाहेर बसून होता, अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात परत आला. त्याचा गोल आमच्याविरुद्ध होता, तरी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

नदीकाठ

चार्ल्सतीर, हरलेल्या बाजूने इतकं मोकळं लिहिलंत, मनापासून आभार. त्या रात्री इथे एंटरप्राइज सेंटरमध्ये रिकाम्या रिंकभोवती पडद्यावर सामना बघायला तुडुंब गर्दी होती, आणि शेजारच्या बेसबॉलच्या बुश स्टेडियममध्येही पावसात लोक बसून होते. सामना हजार मैलांवर, आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती.

पहिल्या पिरियडबद्दल तुमचं मान्य. तिथे बिनिंग्टननेच वाचवलं. पण उरलेल्या चाळीस मिनिटांत ब्रुइन्सना गोलसमोर मोकळी जागा किती वेळा मिळाली ते पुन्हा बघा, बोमीस्टर आणि परेको बर्फावर असताना तर खासच. बोमीस्टर हजाराहून जास्त सामने खेळून पहिल्यांदा कप हातात घेत होता. पिएट्रँजेलोनंतर संघाने कप आधी त्याच्या हातात दिला.

टोरोंटोहून

मॅरूनचं पुढचंही सांगायला हवं. पुढच्या उन्हाळ्यात तो टँपा बेला गेला आणि २०२० व २०२१मध्येही कप जिंकला. सलग तीन वर्षं, दोन वेगळ्या संघांबरोबर.

रानफूल

आता मला एक तरी सामना पूर्ण बघायचाय. कुठला बघू? अंतिम फेरीचा सातवा?

कट्ट्यावरचा

चौथा बघा, अंतिम फेरीतला. ७-२नंतरचा. दडपणाखाली गोली काय करतो ते कळेल.

नदीकाठ

मी डॅलसविरुद्धचा सातवा सामना सुचवेन. सुरुवातीला पकाच्या मागे डोळे पळवू नका, कॅमेऱ्याला तो बरोबर सापडतो. तुम्ही एक खेळाडू निवडा, ओ'रायली घ्या, क्रमांक ९०, आणि तो बर्फावर असेल तेवढा वेळ फक्त त्याच्याकडे बघा. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, पाऊण मिनिटाच्या आसपास असते. तो पक नसताना कुठे उभा राहतो, कुणाची स्टिक अडवतो, फेसऑफ (पंच दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करतो तो) कसा जिंकतो ते दोन-तीन शिफ्टमध्ये दिसायला लागेल. नियम अडले तर इथेच विचारा, आम्ही पाच जण आहोतच.